घाटनांदूरच्या माळावर सात शेणकिडे

घरात "चार दिवस बीडकडे जाऊन येते" असं म्हणाले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "कुणाचं लग्न?" सांगलीचा माणूस लग्नाशिवाय बीडला जात नाही, अशी त्याची ठाम समजूत. मी म्हणाले, "लग्न नाही, शेण." त्याने पेपर खाली ठेवला नाही, पण पान उलटायचा मात्र थांबला.

तुम्हीही थांबला असाल तर पहिल्यापासून सांगते. मी साड्यांच्या काठांची नक्षी काढते, तो माझा पोटाचा धंदा. अधूनमधून शास्त्रज्ञांसाठी पानं, बिया, कीटक यांची चित्रं काढते, तो हौसेचा. या दुसऱ्या धंद्याला मला लावलं ते हेरवाडे सरांनी. सर आम्हाला बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकवायचे. त्या वर्षी मी वर्गातल्या बारा जणांची जर्नल्स काढून दिली होती, दर झुरळाला एक वडापाव या भावाने. सरांनी बाराही जर्नल्स टेबलावर ओळीत उघडून ठेवली. बाराही झुरळांची डावी मिशी एकाच जागी वाकडी होती. सर रागावले नाहीत. मला एकटीला थांबवून घेतलं, एक मेलेलं झुरळ समोर ठेवलं आणि म्हणाले, "आता याचं काढ. तुला माहीत आहे ते नको, दिसतंय ते." ते झुरळसुद्धा होस्टेलच्या मेसमध्ये आपसूक मेलेलं होतं. सर काहीच मारत नाहीत. ते जैन आहेत म्हणून, असं लोकांना वाटतं. सर म्हणतात, "धर्माला मध्ये आणू नका. मला मारायचा कंटाळा आहे."

तर गेल्या सप्टेंबरात सरांचा फोन आला. "सुनंदा, तुला शेणाचा वास चालतो का?"

प्रकरण असं होतं. दोन वर्षांपूर्वी सर एका विद्यार्थ्याच्या लग्नाला अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरला गेले होते. तिथे हात धुवायच्या बादलीत त्यांना तीन शेणकिडे बुडून मेलेले दिसले. पंगत बसली, उठली, सर बादलीपाशीच. ते तीन किडे पेढ्याच्या खोक्यात कापसावर निजवून त्यांनी सांगलीला आणले. तिन्ही नर होते. त्या भागात सर्रास सापडणाऱ्या शेणकिड्याच्या नराला डोक्यावर मागे वळलेली दोन शिंगं असतात. या तिघांची डोकी साफ, शिंगांच्या जागी नुसती टेंगळं. सरांचं म्हणणं, ही वेगळी जात आहे, शास्त्राला आजवर माहीत नसलेली. पेपरचा खर्डा तयार होता. अडलं होतं चित्रांपाशी. मेल्यावर किड्याचा रंग उडतो आणि सरांचे तिघे चिंचोक्यासारखे तपकिरी पडले होते. जिवंत किडा समोर ठेवून काढलेली चित्रं हवी होती.

फोटो का नाही, असं विचाराल. फोटोत एक शिंग स्पष्ट आलं की दुसरं धूसर होतं. चित्रात दोन्ही शिंगं एकाच वेळी दाखवता येतात, शिवाय डोक्यावरचं शेण वगळता येतं.

पहिला दिवस: सांगली ते अंबाजोगाई

पहाटे साडेपाचला सरांच्या चौदा वर्षांच्या गाडीतून निघालो. मागच्या सीटवर कॉलेजातून मागून आणलेला छोटा सूक्ष्मदर्शक, दोन बादल्या, चाळण्या, चहाचा मोठा थर्मास आणि माझी कागदांची गुंडाळी. सांगली ते सोलापूर रस्ता उत्तम आहे. पुढे तुळजापूर, येरमाळा, चौसाळा हा तर इतका सरळ की सरांना बोलायला सुचू लागलं.

"मार्चमध्ये निवृत्त होतोय," ते म्हणाले. "चौतीस वर्षं झाली. एक नवी जात नाही माझ्या नावावर."

"आता होईल की. नाव काय देणार?"

"आमच्या माजी प्राचार्यांचं. मला सूक्ष्मदर्शक मंजूर करायला त्यांनी नऊ वर्षं लावली."

"शेणकिड्याला त्यांचं नाव?"

"सन्मान असतो तो," सर समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले. "तक्रार करता येत नाही."

हा आनंद साजरा होतोय तोवर गाडीच्या तोंडातून वाफ यायला लागली. थांबत, पाणी ओतत, कसंबसं मांजरसुंब्याच्या चौकात पोचलो. तिथे कडुनिंबाखाली सलीमभाईंचं गॅरेज आहे. पन्नाशीचा माणूस, पांढरी दाढी, खिशात चार पेनं, जणू गाड्या लिहूनच दुरुस्त होतात. बॉनेट उघडून त्यांनी आत बघितलं आणि आजारी माणसाच्या नातेवाइकांशी बोलावं तसे बोलले.

"रेडिएटर गेला, सर. सामान बीडहून आणावं लागल. तीन दिवस धरा. कुठं निघालात?"

"घाटनांदूरला."

"पाहुण्यांकडं?"

"शेणकिडे बघायला," सर म्हणाले.

सलीमभाईंनी हातातला पाना सावकाश पुसला. "कावून? सांगलीकडं म्हशी न्हाईत का?"

सरांनी तिथेच बॉनेटवर पेढ्याचं खोकं उघडलं. सलीमभाईंनी तिन्ही किडे चष्मा वर करून, मग खाली करून पाहिले. मग भावाला हाक मारून गॅरेज सांभाळायला सांगितलं. "आमची जीप हाय. डिझेल तुमचं, गाडी मी चालवतो. ह्ये काय लफडं हाय ते मलाबी बघू द्या." अशा रीतीने आमच्या शास्त्रीय मोहिमेत तिसरा सदस्य दाखल झाला.

जेवणाविषयी. मांजरसुंब्याला ढाबे पुष्कळ आहेत आणि मराठवाड्यात आलात तर येसर आमटी चुकवू नका. भाजलेल्या धान्यांचा आणि मसाल्याचा वास ताटाआधी पोचतो. आमची मात्र पंचाईत होती. चातुर्मास चालू असल्याने सरांना कांदा, लसूण, बटाटा चालत नव्हता. ढाबेवाल्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ताटात ठिवू काय?" शेवटी भाकरी, दही आणि शेंगदाण्याची साधी चटणी, यावर सर तृप्त झाले. त्यांच्या वाटणीची आमटी मी आणि सलीमभाईंनी संपवली. सर सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्यामुळे पुढचे सगळे दिवस पावणेसहाला संपले. प्रवासात इतकी शिस्त मी कधी पाळलेली नाही आणि पुन्हा पाळेन असं वाटत नाही.

नेकनूर, केज करत जीपने अंबाजोगाईला आलो. देवीच्या गावात लॉज बरेच आहेत. आम्हाला स्वच्छ खोल्या आठशेला मिळाल्या. मॅनेजरने बादल्या बघून विचारलं, "अभिषेकाचं सामान का?" सर खरं सांगायला निघाले होते, पण सलीमभाईंनी आधीच मान डोलावली.

दुसरा दिवस: घाटनांदूरचा माळ

सकाळी नाश्त्याला सुशीला. हा मुरमुऱ्यांचा पदार्थ आहे, भिजवून फोडणी दिलेला. हॉटेलवाला आत ओरडला, "सरांना सुशीला द्या बिनकांद्याची," तेव्हा सर जरा सावरून बसले.

घाटनांदूरच्या अलीकडे रस्ता सोडून माळावर गाडी घातली. पाऊस होऊन गेलेला, गवत गुडघ्यापर्यंत, आणि गुरं चरून गेल्याच्या खुणा जागोजागी. पद्धत सोपी आहे, घरी करून बघायला हरकत नाही. शेणाचा पो हलकेच उचलायचा, पाण्याच्या बादलीत सोडायचा आणि गप्प उभं राहायचं. दोन मिनिटांत शेणकिडे एकेक करून वर तरंगतात, हमामातून उठल्यासारखे. ते चमच्याने काढायचे.

दोन पो झाले असतील, तोच एक मोटारसायकल थांबली. वरच्या गृहस्थांनी आमच्या बादल्या, चाळण्या, सूक्ष्मदर्शक न्याहाळला.

"रस्ता कुठनं जाणार हाय?"

"कसला रस्ता?" मी विचारलं.

"तुमी सर्वेवालेच ना? आमची जमीन त्या लिंबाच्या पलीकडं हाय. आधी सांगितलेलं बरं."

सर समजावून सांगू लागले की आमचा रस्त्याशी संबंध नाही, पण सरांचा समजावून सांगण्याचा आवाज नेमका सरकारी आहे. ते गृहस्थ जास्तच घाबरले. शेवटी सलीमभाई गंभीरपणे पुढे झाले. "रस्ता न्हाई, भाऊ. शेणाची जनगणना हाय."

ही थट्टा होती. पण मोटारसायकल गावात गेली आणि अर्ध्या तासात माळावर माणसं जमली. एकाने सातबारा आणला होता. एकाने खुद्द म्हैसच. सगळ्यांत मागून एक साठीच्या बाई तरातरा आल्या आणि थेट सरांसमोर उभ्या राहिल्या.

"माझ्या चार म्हशी हायेत. माळाला लागूनच गोठा हाय. त्या सोडून गणती कावून चालली?"

या गिरजाबाई. घाटनांदूरच्या चहावाल्यांना दूध घालतात. सलीमभाईंनी चेष्टा केल्याचं कबूल केलं, तेव्हा त्या त्यांच्याकडे बघून "दाढी पिकली, आता तरी" एवढंच बोलल्या. बाकीची मंडळी हिरमुसून पांगली. म्हैसवाल्याने जाता जाता विचारलं, की पुढेमागे अशी गणती झालीच तर नाव आधी लिहून ठेवता येईल का.

गिरजाबाई गेल्या नाहीत. सरांनी पकडलेले किडे त्यांनी तळहातावर घेतले आणि म्हणाल्या, "ह्ये तर आमच्या गोठ्यात ढीगभर. उनात कशाला मरता?" आम्ही सगळा पसारा घेऊन त्यांच्या गोठ्यात गेलो. कडब्याची सावली, एका बाजूला म्हशी, दुसऱ्या बाजूला शेळ्या आणि मध्ये उलट्या घमेल्यावर सूक्ष्मदर्शक. इतकी चांगली स्टुडिओची जागा मला आजवर मिळालेली नाही.

जिवंत किडा चित्रासाठी बसत नाही, ही मोठी अडचण. त्यावर थर्मास होता. घाटनांदूरच्या सोडावाल्याकडून आणलेल्या बर्फावर काचेच्या डबीत किडा ठेवायचा. गारव्याने तो सुस्तावतो. मग पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात डोक्याचा आकार, शिंगं, पाठीवरच्या ठिपक्यांची ओळ टिपून घ्यायची. ऊब लागली की साहेब चालू लागतात, तेव्हा पुन्हा थर्मास.

आणि रंग. सरांच्या चिंचोक्यांकडे बघून मला त्याची कल्पनाच नव्हती. काळ्या पाठीवर तांब्याची झाक होती, तिरकं धरलं की मानेवर हिरवी व्हायची. हा हरभऱ्याएवढा जीव शेणातून आला होता आणि मी माझ्याजवळचे सगळे रंग मिसळूनही त्याची बरोबरी करू शकत नव्हते.

मी काढत होते तेव्हा सलीमभाई स्वस्थ बसले नव्हते. "ह्ये शेणाखाली जाऊन करतात काय?" हा प्रश्न त्यांना पडला होता. सरांनी सांगितलं, बोगदा खणतात आणि त्यात शेण साठवून अंडी घालतात, पण जमिनीखालचं दिसत नाही. सलीमभाईंनी जीपच्या मागच्या दोन खिडक्यांच्या काचा काढल्या, दोघींच्या मध्ये कडेने रबराची पट्टी लावली, एवढीच जागा ठेवली की किडा फिरेल पण लपणार नाही. त्यात माती भरली, वर शेण ठेवलं, किडे सोडले आणि अंधारासाठी गिरजाबाईंचं जुनं काळं लुगडं गुंडाळलं. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत आम्ही बिनकाचेच्या जीपमधून धूळ खात फिरलो. शास्त्रासाठी माणसाने एवढं करावं.

दुपारी चारपर्यंत माझी सात डोकी झाली. सात नर. पहिल्याची शिंगं लांब, मागे झुकलेली, ऐटदार. सरांना हवा होता तो साफ डोक्याचाही सापडला, तो सातवा. सर हरखले. मी मात्र सातही कागद कडब्यावर ओळीत मांडले.

पहिल्याची शिंगं लांब. दुसऱ्याची थोडी कमी. तिसऱ्याची त्याहून. चौथ्याची अर्धी, पाचव्याची नुसती टोकं, सहाव्याची टेंगळं, सातव्याची जवळपास काहीच नाही. तोंडापुढच्या कडेची खाच सगळ्यांची एकच. पाठीवरची ठिपक्यांची ओळ एकच. हाताने काढताना ते कळतं, कारण हाताला तीच रेघ सात वेळा ओढावी लागते. कुठेही ओळ तुटत नव्हती. या दोन जाती नव्हत्याच. एकाच जातीचे सात भाऊ होते.

मी गोठ्यात काही बोलले नाही. गिरजाबाईंनी ओळ पाहिली, बोटाने मोजली आणि म्हणाल्या, "लई झ्याक काढलंय, बाई." लॉजवर आल्यावर, पावणेसहाचं जेवण उरकून, मी कागद सरांच्या पलंगावर मांडले.

सरांनी ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मी न सांगताही त्यांना दिसलं, हे मला कळलं. त्यांनी चष्मा पुसला. मग ओळीतून चौथा आणि पाचवा कागद उचलला.

"हे दोन राहू देत. वाचकांचा गोंधळ होईल."

ते दोन काढल्यावर उरले शिंगांचे तीन आणि बिनशिंगांचे दोन. मध्ये स्वच्छ फट. दोन वेगळ्या जाती, कुणालाही पटतील अशा.

"सर, गोंधळ आहेच," मी म्हणाले.

"पेपर माझा आहे, सुनंदा."

मी माझ्या खोलीत गेले. मला राग आला होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती, कुणाची ते कळत नव्हतं. नवऱ्याचा फोन आला. "सापडलं का शेण?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले आणि ठेवून दिला.

तिसरा दिवस: धर्मापुरी आणि परत गोठा

सकाळी सर म्हणाले, एवढं आलोय तर धर्मापुरीचं मंदिर बघून घेऊ. परळी तालुक्यात आहे, घाटनांदूरहून जवळ. वाटेत सीताफळवाले बसलेले होते. सलीमभाईंनी एका ओळखीच्या बागवानाकडून अर्धी टोपली घेतली. इथलं सीताफळ खायचं तर गाडीत खाऊ नका. आमच्या जीपच्या सगळ्या हँडलांना ते लागलं.

मंदिर जुनं आहे, दगडी. बाहेरच्या भिंतीवर बायकांच्या मूर्ती आहेत आणि एकीसारखी दुसरी नाही. कुणी वाळा घालतेय, कुणी मान वळवून मागे बघतेय. एरवी मी तिथे दिवसभर बसले असते. त्या दिवशी वही उघडली आणि एक रेघही आली नाही. सर पायरीवर बसले होते. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

"ते दोन कागद कुठे आहेत?"

"आहेत," सर म्हणाले. सलीमभाई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. शेवटी त्यांनी दोघांच्याही हातात एकेक सीताफळ ठेवलं. तोंड भरलेलं असलं की माणूस भांडत नाही, हा त्यांचा हिशेब असावा.

दुपारी गोठ्यावर गेलो. लुगडं काढायच्या आधी गिरजाबाईंना चित्रं पुन्हा बघायची होती. शेजारच्या दोघी बायकांना त्यांनी मुद्दाम बोलावून ठेवलं होतं. सरांनी पिशवीतून पाच कागद काढून कडब्यावर मांडले. गिरजाबाईंनी कौतुकाने बोट ठेवत मोजायला सुरुवात केली आणि पाचावर थांबल्या.

"मधले कुठं गेले?"

त्यांनी कडब्यात हात घालून शोधलं.

"काल सात होते. म्या मोजलते. एकाची अर्धी शिंगं होती, एकाची बारकी टोकं."

मी सरांकडे पाहिलं नाही, म्हशीकडे बघत राहिले. थोड्या वेळाने मला कागदाचा आवाज ऐकू आला. सरांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेले दोन कागद काढले आणि उलगडून ओळीत मधोमध ठेवले.

"खिशात कावून ठिवले?" गिरजाबाईंनी विचारलं. त्यांच्या प्रश्नात काही खोच नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

सरांनी बाई समोर आहेत, शेजारणी आहेत, सलीमभाई आहेत, याचा विचार केला असावा. मग म्हणाले, "मला ते नको होते म्हणून." आणि तिथेच, उकिडवे बसून, त्यांनी सगळं सांगितलं. नवी जात म्हणजे काय, ती सापडली तर काय होतं, चौतीस वर्षं म्हणजे किती, आणि हे मधले दोघे असले तर नवी जात कशी उरत नाही. एखाद्या पोराने मास्तरांपुढे सांगावं तसं.

गिरजाबाईंनी शांतपणे ऐकलं. "आमच्या थोरल्या म्हशीला एक पारडू झालतं," त्या म्हणाल्या. "तवा ती आजारी. त्याला दूध पुरं मिळालं न्हाई. ते खुजंच राहिलं, शिंगं बी आखूड. म्हनून त्याला मी शेळी म्हनू का?"

सलीमभाईंना ठसका लागला. सर गिरजाबाईंकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मला आधी भलतीच शंका आली, पण ते हसत होते. चष्मा काढून, डोळे पुसत, कडब्यावर हात टेकून हसत होते.

"नेमकं तेच आहे," ते मला म्हणाले. "अळीला शेण कमी पडलं की नर लहान होतो आणि शिंगं वाढत नाहीत. पुस्तकात वाचलंय मी हे. शिकवलंय."

मग सलीमभाईंनी लुगडं काढलं. काचांच्या मध्ये मातीत बोगदा होता, पेन्सिलीएवढा, सरळ खाली गेलेला. वरच्या तोंडाशी शिंगवाला नर ठाण मांडून बसला होता. खाली मादी शेणाचा गोळा दाबत होती. आणि डाव्या बाजूने एक बारीक आडवा बोगदा मुख्य बोगद्याला मधेच मिळत होता. त्यातून एक बिनशिंगाचा नर पुढे सरकत होता. वरचा पहारेकरी दारावरच, आणि हा खाली पोचत आलेला.

"मागच्या दारानं," सलीमभाई हळूच म्हणाले.

शेजारणींनी तोंडाला पदर लावला. गिरजाबाई म्हणाल्या, "शिंगं न्हाईत, पण डोस्कं हाय."

"काढ," सर मला म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "दुसऱ्या देशांतल्या जातींत हे पाहिलेलं आहे. आपल्या या किड्यात कुणी नोंदवल्याचं मला तरी माहीत नाही. दोन्ही बोगदे काढ, कोन मोज, आणि ती आडव्या बोगद्यातली माती कुठे टाकतोय तेही." मी काढत गेले, ते घड्याळ बघून वेळा सांगत गेले, सलीमभाई काचेला तिरपा आरसा धरून उजेड देत राहिले. त्या दुपारी चार कागद झाले. पावणेसहा वाजून गेले, सूर्यही बुडाला, तेव्हा गिरजाबाईंनीच आठवण केली, "सर, तुमचं जेवायचं." सर त्या दिवशी फक्त पाणी प्यायले.

निघताना सगळे किडे माळावर सोडले आणि काचा जीपला परत लागल्या. एकीला तडा गेलाय. सलीमभाई ती कुणाला बदलू देत नाहीत.

परत

चौथ्या दिवशी मांजरसुंब्यातून सरांची गाडी घेतली आणि आलेल्याच रस्त्याने सांगलीला पोचलो. जाणार असाल तर पाऊस ओसरल्यावर जा, टोपी न्या, सुशीला खा, आणि माळावर कुणाच्या जमिनीत पाय ठेवण्याआधी विचारा. आणि कोणी विचारलं तर खरं कारण सांगा. कुणी विश्वास ठेवणार नाही, पण तुमची बाजू भक्कम राहील.

पेपर आला. नव्या जातीचा नाही, तीन पानांचा, त्या मागच्या दाराचा. त्यात सात डोक्यांची ओळ छापली आहे. चौथ्या आणि पाचव्या चित्रावरून घडीच्या रेघा जातात, पाचव्याच्या बरोबर शिंगावरून. कंप्युटरवर त्या पुसता आल्या असत्या, मी सरांना तसं म्हटलंही. "राहू दे," सर म्हणाले, आणि विषय बदलला. शेवटी आभारात गिरजाबाई आणि सलीमभाई, दोघांची पूर्ण नावं आहेत. सलीमभाईंनी ते पान लॅमिनेट करून गॅरेजात लावलंय. गिरजाबाईंनी ते चुलीपासून लांब, पेटीत ठेवलंय, असं सलीमभाईंनी फोनवर कळवलं.

माझं काय उरलं म्हणाल, तर एक खोड लागलीय. सकाळी फिरायला जाते तेव्हा रस्त्यात म्हशी गेल्याची खूण दिसली की मी उकिडवी बसते. नवरा दहा पावलं पुढे जाऊन उभा राहतो आणि ओळख नसल्यासारखा नदीकडे बघतो. ओळखीचं कुणी आलं तर घड्याळात बघतो. परवा मी बसले, काडीने हळूच ढवळलं, आणि माझ्या शेजारी त्याची सावली पडली. तो वाकला, गुडघ्यांवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला, आणि म्हणाला, "हा मधला दिसतोय."